न्यू जर्सीतल्या स्टुडिओ अपार्टमेंटमध्ये घरी बिअर करता येईल का? जागा अगदीच कमी आहे.

नक्की येईल. जागेपेक्षा तापमानाकडे लक्ष द्या. कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरापुरती बिअर करायला मुभा आहे: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, पण विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा गुन्हा आहे, त्यामुळे सुट्टीत गावी जाऊन करून दाखवायच्या फंदात पडू नका.

एका वेळी १ गॅलनच करा, म्हणजे साधारण ३.८ लिटर. १० लिटरचं पातेलं, झाकणाची ७-८ लिटरची फूड-ग्रेड बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी नळी), जाळीदार नायलॉनची पिशवी, थर्मामीटर आणि हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी) एवढं सामान सिंकखालच्या कपाटात मावतं. १ गॅलनचा काचेचा जग टाळा. त्यात फेसाला जागा उरत नाही आणि तो एअरलॉकमधून उसळून भिंतीवर उडतो.

पहिली बिअर साधी पेल एल (फिकट रंगाची बिअर) असू दे. साडेसहा लिटर पाण्यात कॅम्डेन गोळीचा (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) बारीक तुकडा विरघळवा, नाहीतर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे औषधासारखी चव येते. पाणी ७० अंश सेल्सिअसला आलं की पिशवीत ९०० ग्रॅम भरडलेलं पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) सोडा आणि गुठळ्या मोडा. तापमान ६७ च्या आसपास स्थिरावेल. गॅस बंद करून पातेलं जाड टॉवेलात गुंडाळा आणि तासभर ठेवा. फार गरम राहिलं तर न आंबणारी साखर वाढते आणि बिअर गुळमट होते. पिशवी चक्क्यासारखी टांगून निथळू द्या, मग पिळा.

आता तासभर उकळा. झाकण ठेवू नका, नाहीतर शिजलेल्या मक्याचा वास आतच राहतो. खिडकी उघडी हवी. उकळी फुटल्यावर ७ ग्रॅम कॅस्केड हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं) टाका, शेवटच्या ५ मिनिटांत आणखी ७ ग्रॅम.

पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांपर्यंत उतरवा. इथून पुढे या उकळलेल्या रसाला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. त्यासाठी स्टार सॅन हे जंतुनाशक लिटरभर पाण्याला दीड मिली घ्या. त्याचा फेस धुवायचा नाही. बादलीत ओतून जोरात घुसळा आणि यूएस-०५ यीस्ट ४ ग्रॅम टाका. अख्खं पाकीट लागत नाही.

बिअर बिघडते ती बहुतेक वेळा यानंतरच्या तीन-चार दिवसांत. आंबताना उष्णता निघते, त्यामुळे आतला रस खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम असतो, आणि हिवाळ्यात रेडिएटर तर आपल्या हातात नसतोच. पारा २४ च्या पुढे गेला की यीस्ट घशाला झोंबणारी, थिनरसारखी चव सोडतं. बादली मोठ्या टबात पाण्यात ठेवा आणि त्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. १८ ते २० अंश टिकले पाहिजेत. एका वेळचा घाणा लहान असल्याने खोलीच्या चढउताराने तो लगेच हलतो. भोवतीचं पाणी त्याला सांभाळतं.

दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर लावा. आंबण्याआधीचा साधारण १.०५० हा आकडा उतरून १.०१२ च्या आसपास आलेला असतो. तीन दिवसांनी तोच आकडा आला तरच बाटल्या भरा. बुडबुडे थांबले एवढ्यावर विसंबू नका. बाटलीत फेस धरावा म्हणून भरताना साखर घाला, लिटरला ६ ग्रॅम, काट्यावर मोजून. साखर जास्त झाली किंवा आंबणं अर्धवट राहिलं तर बाटल्या फुटतात. पिळून उघडायच्या झाकणाच्या बाटल्या नकोत, त्यांवर दाबून बसवायचं साधं पत्र्याचं झाकण घट्ट बसत नाही. तपकिरी काचेच्या १० बाटल्या पुरतात. त्या खोक्यात बंद करून खोलीच्या तापमानाला दोन आठवडे कपाटात ठेवा, मगच फ्रीजमध्ये.