वसंतात हवामान इतकं लहरी असताना पेरणी कधी सुरू करायची हे शेतकरी ठरवतात तरी कसं? तारखेवर की अंदाजावर?

तारखेचा उपयोग मला एवढाच: तोवर यंत्र साफ आणि बियाणं घरात असलं पाहिजे. पुढचं सगळं जमिनीवर.

थंडी ओसरताना दोन दुपारी चांगलं ऊन पडलं की हात शिवशिवतात. पण हवा तापली म्हणून माती तापते असं नाही. मी सकाळी, माती सगळ्यात गार असताना, पाचेक सेंटिमीटर खोल थर्मामीटर खुपसतो. आकडा सलग तीन-चार दिवस टिकला तरच खरा. मक्याला किमान १० अंश लागतात, कापसाला १५ च्या पुढे. गहू-वाटाणा ४-५ अंशांतही उगवतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. रेताड रान लवकर तापतं. भारी किंवा काडीकचऱ्याने झाकलेलं रान मागे राहतं.

मग वाफसा, म्हणजे माती चिखल नाही आणि कोरडीही नाही अशी पेरणीजोगी ओल. बी पडणार त्या खोलीवरची माती मुठीत दाबायची, अंगठ्याने ढकलायची. फुटून भुगा झाली तर पेरा. चिकट पट्टी निघाली तर घरी परत, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालू असला तरी (सगळ्यात अवघड काम हेच!). ओल्यात पेरलं की पेरणी यंत्राच्या चर पाडणाऱ्या तव्यांनी चरीच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात. त्या वाळून कडक झाल्या की मुळं चरीतच अडकतात आणि ते नुकसान हंगामभर भोगावं लागतं.

अंदाज मी मुख्यतः पेरणीनंतरच्या दोन दिवसांचा बघतो. बी पहिलं पाणी तेव्हाच शोषतं. ते फार गार असेल तर मका-सोयाबीनच्या पेशींची आवरणं फाटतात. बी कुजतं, नाहीतर कोंब वेडेवाकडे येतात. तोच गार पाऊस चार दिवसांनी आला तर बहुतेक वेळा निभावतं. पंधरा दिवसांपुढचे अंदाज वाचतो, पण त्यांच्या भरवशावर बियाणं मातीत घालत नाही.

राहिली उशिराची गोठवणारी रात्र. मक्याचा शेंडा (जिथून नवी वाढ होते तो भाग) पाच-सहा पानांपर्यंत जमिनीखालीच असतो, त्यामुळे पानं करपली तरी तो पुन्हा फुटतो. सोयाबीनचा शेंडा उगवताक्षणी वर येतो. रोप दलांच्या (बीतून निघणाऱ्या पहिल्या जाड पानांच्या) खालपर्यंत गोठलं की दुबार पेरणी. म्हणून मी मका आधी घेतो, सोयाबीन मागून, आणि रात्री गार हवा साचते तो सखल तुकडा सर्वांत शेवटी.

थांबणंही फुकट नसतं, फुलोरा ऐन उन्हाच्या तडाख्यात सापडतो. फारच उशीर झाला तर सरळ कमी दिवसांचं वाण घेतो.