लोकल दुकानातून घेणं ही खरंच देशभक्ती आहे का?

तुम्ही विचारलंय की गोव्यात पर्वरीला नवीन राहायला आलोय, घरातलं सगळं सामान ॲपवर स्वस्त मिळतं, तरी शेजारचे लोक म्हणतात गावातल्याकडनं घ्या, ती पण देशसेवाच आहे, तर यात काही दम आहे की नुसतं भावनिक बोलणं. दम आहे. मला तो उधारीच्या वहीमुळे कळला म्हणून आधी तेच सांगतो, थोडं लांबेल.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, खाणींच्या भागातला. २०१२ च्या सप्टेंबरात गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी बंद केल्या आणि पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचीही बंदी आली. बाबांचा एक ट्रक होता, कर्ज काढून घेतलेला, खनिज वाहायचा. तो अंगणात येऊन उभा राहिला तो राहिलाच, पुढच्या पावसात चाकांभोवती गुडघाभर रान आलं. बँकेचे हप्ते थकले, नोटिसा यायला लागल्या, आणि आमच्या वाड्यावर जवळजवळ प्रत्येक घरात हेच, कुणाचा ट्रक, कुणाचं गॅरेज, कुणाची ड्रायव्हरकी, कुणाचं ट्रकवाल्यांसाठी चहा-भजीचं हॉटेल. त्या दिवसांत आम्ही जेवलो ते कोपऱ्यावरच्या पसरकारामुळे, म्हणजे किराणा दुकानदारामुळे. तांदूळ, तेल, साखर, माझ्या वह्या, सगळं वहीवर. आईला दुकानात जायची लाज वाटायची म्हणून ती दुपारी जायची, गिऱ्हाईक नसताना. तरी कुणी असलंच तर तो माणूस कधी आकडा तोंडाने बोलला नाही, वही फिरवून आईच्या पुढ्यात धरायचा, ती वाचायची, मान हलवायची, तो पान उलटायचा. सव्वा वर्ष असं चाललं. त्याचं स्वतःचं होलसेलवाल्याकडे किती थकलं होतं ते आम्हाला खूप नंतर कळलं.

आता मला सांगा, कुठलं ॲप हे करेल? ॲप वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण त्याला माझी आई कोण हे माहीतच नाही. ज्याला माहीत होतं तो वाचला म्हणून आम्ही वाचलो, आणि तो वाचला कारण चांगल्या दिवसांत सगळा वाडा त्याच्याकडनंच घ्यायचा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या तेव्हा पुन्हा तेच घडलं, फक्त तोपर्यंत पसरे, म्हणजे अशी दुकानं, कमी झाले होते आणि लोकांना हात पसरायला जागाच कमी उरली होती. मी देशभक्ती म्हणतो ती हीच, ज्या गावात राहतो ते गाव वाईट दिवसात उभं राहील एवढी ताकद त्याच्यात आपण आधीच भरून ठेवायची. झेंडावंदनाला मी पण जातो, छाती भरून येते, पण हे काम वर्षाच्या उरलेल्या दिवसांतलं आहे.

दुसरं म्हणजे पैसा फिरतो कुठे ते बघा. आमच्या देवळाच्या जात्रेला रात्री मराठी नाटक असतं, गावातलीच पोरं करतात, गोव्यात गावोगाव ही परंपरा आहे. त्याची स्मरणिका निघते, तिच्यात जाहिराती कुणाच्या असतात? हार्डवेअरवाला, टेलर, फार्मसी, पसरकार. वर्गणीची पावती पण त्यांच्याच नावावर फाटते. तुमचे शंभर रुपये त्या गल्ल्यात पडले तर त्यातले काही फिरून त्या नाटकाच्या पडद्याला लागतात, काही टेलरच्या मुलीच्या क्लासला, ॲपला दिले तर गावाला मिळते ती डिलिव्हरीवाल्या पोराची मजुरी, बाकीचे संध्याकाळपर्यंत गोव्याच्या बाहेर.

लोक स्वदेशीचं उदाहरण देतात तेव्हा परदेशी कापडाच्या होळ्याच आठवतात. १९०५ नंतरच्या त्या काळात महाराष्ट्रात पैसा फंड नावाची गोष्ट पण झाली, अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, टिळकांचा पाठिंबा, माणशी वर्षाला एक पैसा, आणि त्यातनं तळेगावला काच कारखाना उभा राहिला जिथे पोरांना काच बनवायला शिकवलं. मला होळीपेक्षा हे जास्त पटतं. हातातली कला टिकली पाहिजे, गिऱ्हाईक नसेल तर कला एका पिढीत जाते.

आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, बघा ना. पहाटे आणि संध्याकाळी सायकलवर टोपली, भोंगा वाजवत येतो, पोई, उंडे, काकणं असे पावाचे प्रकार घेऊन. जुनी गोंयकार पोदेरांची कुटुंबं धंद्यातनं बाहेर पडली, पोरं बोटीवर गेली, परदेशात गेली, आणि आज कितीतरी भट्ट्या कर्नाटकातनं आलेली माणसं चालवतात. काही लोकांना हे खुपतं, भायले म्हणजे बाहेरचे म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. रात्री दोन वाजता उठून जो तुमच्या गावाचा पाव भाजतो, ज्याची पोरं तुमच्या गावच्या शाळेत मराठी नाहीतर कोंकणी शिकतात, तो लोकलच. लोकल म्हणजे आडनाव बघून ठरवायची गोष्ट असेल तर मला त्या देशभक्तीत रस नाही.

भाजीचं मात्र थोडं वेगळं आहे, तिथे माल कुठे पिकला याला महत्त्व आहे. गोव्यातली बरीचशी भाजी बेळगावकडनं घाट उतरून येते. चोर्ला घाटात दरड पडली की दुसऱ्या दिवशी बाजारात भाव चढतात. म्हणून गावठी भाजी घ्या, तांबडी भाजी, अळसांदे, आगशीची वांगी, सांत इस्तेवची सात शिरांची भेंडी. महाग असते हे खरं. पण जे शेत पिकवून परवडत नाही त्याचा प्लॉट व्हायला वेळ लागत नाही, आणि एकदा भराव घातला की ते शेत परत मिळत नाही. काजूचंही सांगतो, टुरिस्ट पट्ट्यात 'गोव्याचे काजू' लिहिलेला सगळाच माल गोव्याचा नसतो, आफ्रिकेतनं आणलेली बी इथे फोडून विकली जाते. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा दाखला, मिळालाय, तेव्हा दुकानदाराला विचारायला लाजू नका, बी कुठली.

तरी एक सांगतो, ज्याचं घर दहा-बारा हजारांत चालतं त्याने ॲपवर दहा रुपये वाचवले तर त्याला देशद्रोही ठरवणारे लोक मला आवडत नाहीत. हे ओझं आधी आपल्यासारख्या दोन पगारांच्या घरांनी उचलायचं. साबण, टूथपेस्ट, चार्जर खुशाल ॲपवर मागवा. पाव, मासळी, भाजी, नारळ, शिवणकाम, सायकल-मिक्सरची दुरुस्ती, एवढं गावात ठेवा. आणि पैसे त्या वेळीच द्या, घासाघीस नको, कारण आपल्यासारख्यांची उधारी तो ज्याला खरी गरज आहे त्याच्या वाट्यातनं देतो.

पर्वरीहून म्हापसा लांब नाही, शुक्रवारच्या बाजाराला सकाळी लवकर जा. आणि चवथीच्या आधी दोन दिवस माटोळीच्या बाजारात नक्की जा, म्हापशाला किंवा फोंड्याला. गणपतीच्या वर जी माटोळी बांधतात तिच्यासाठी रानातल्या वस्तू घेऊन सत्तरीकडनं बायका येतात, कांगलां, घागऱ्यो, कवंडाळ, तोरिंग अशी रानफळं, सुपारीचे घोस, जमिनीवर पोतं पसरून. कुठलं फळ कुठल्या डोंगरावर कधी तयार होतं हे त्यांनाच ठाऊक असतं. गेल्या वर्षी एका आजींकडनं मी कांगल्यांची जुडी घेतली, तिच्यात एक पानाची फांदी वेगळीच होती, त्यांनी ती काढली, दुसरी बांधली आणि म्हणाल्या, बाबा, ही दीड दिवसात सुकली असती, तुझा गणपती पाच दिवसांचा ना? मी सांगितलं नव्हतं, आधीच्या वर्षीचं त्यांच्या लक्षात होतं.