भूलतज्ज्ञ भावाचं इंजेक्शनचं व्यसन: ‘स्वभावाला औषध नाही’ हे घरच्यांचं म्हणणं खरं का?

नाही. व्यसनी माणसाचा असा एकच ठरलेला स्वभाव नसतो. डॉक्टर-नर्समध्ये नडतं ते वेगळंच: मदत मागायची लाज आणि ‘डोस मला कळतो’ हा फाजील विश्वास. त्यात भूलतज्ज्ञाच्या हाताशी फेंटानिल, म्हणजे अफूसारखं पण फार तीव्र वेदनाशामक! निपाणीकडे नर्स असताना एका सरांच्या एप्रनच्या खिशात फोडलेल्या अँप्युल्स (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) मी पाहिल्या होत्या. गप्प बसले, चुकलंच माझं.

अमेरिकेत व्यसनावर उपचार घेणाऱ्या ९०४ डॉक्टरांवर पाच वर्षं देखरेख ठेवली, तेव्हा ७८ टक्के जणांची नशेची एकही चाचणी पॉझिटिव्ह आली नाही. स्वभाव तेच होते, तपासणी मात्र अचानक व्हायची.

बेळगावात ओळखीचे भेटतील म्हणून भाऊ उपचार टाळत असेल, तर धारवाडचं डिमहान्स हे सरकारी मानसोपचार रुग्णालय गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्तता मिळते. व्यसनाचं इंजेक्शन घरीच एकदम बंद करू नका. आधी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.