ऑडिशनला जाऊ का? खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

टीव्हीवरच्या कार्यक्रमांच्या ऑडिशनबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेते.

प्रश्न : मी ३६ वर्षांची, चोपडा तालुक्यातली गृहिणी. कानबाई देवीच्या जागरणात माझी गाणी लागतातच. गाण्याच्या कार्यक्रमाची ऑडिशन द्यावीशी वाटते, पण माझ्या तोंडून ‘ळ’ निघत नाही, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. मुंबईची माणसं हसतील का?

ताई, एखादा हसेलही. पण ‘ळ’चा ‘य’ होणाऱ्या बोलीतच आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी ओव्या रचल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. कानबाईचं गाणं म्हणाल तेव्हा बिनधास्त ‘डोया’ म्हणा. तिथे ‘डोळा’ केलात तर गाणं परकं वाटेल. प्रमाण मराठीतलं भावगीत निवडलं, तर मात्र ‘ळ’ घासावा लागेल. रोज दहा मिनिटं आरशासमोर ‘बाळ, काळ, माळ’ म्हणा आणि जिभेचं टोक उलटं वळून टाळूला लागतंय ना, ते बघा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची जीभ महिनाभरात वळते.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. जागरणात चार बायका साथीला असतात, पट्टी आपोआप सांभाळली जाते. ऑडिशनमध्ये ती एकटीनं धरायची आहे. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप घ्या, आपली पट्टी पक्की करा. आधी जावेसमोर एकटीनं गा, मग गल्लीतल्या बायकांसमोर, मग गणपती मंडळात, जिथे निम्मे चेहरे अनोळखी असतील. छातीत धडधडेल, तोंड कोरडं पडेल. हे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या ॲड्रेनालिन या संप्रेरकाचं काम आहे, आणि ती धडधड थोडी हवीसुद्धा. उभं राहण्याआधी चार मोजत श्वास आत घ्या, आठ मोजत सोडा, असं पाच-सहा वेळा.

आणखी एक. टीव्हीवर दिसणारे परीक्षक सहसा पहिल्या फेरीत भेटत नाहीत. तिथे निर्मिती संस्थेची माणसं असतात, बाहेर रांग लांब असते, आणि वाट्याला जेमतेम मिनिट-दीड मिनिट येतं. लांब आलाप नको. ज्या ओळीत तुमचा आवाज खुलतो तिथूनच उचला. वेगळ्या ढंगाचं दुसरं गाणं तयार ठेवा, कारण ‘अजून काही?’ असं विचारतात. आणि आदल्या दिवशीच मुंबई गाठा. रात्रभर गाडीत जागून सकाळी थेट रांगेत उभ्या राहिलात, तर आवाज बसलेला असेल.

प्रश्न : मी शहाद्याचा, वय २२. ‘तुमची निवड झाली, कपडे आणि नोंदणीचे १८,००० रुपये भरा’ असा फोन आला. ऑडिशन अजून दिलेली नाही. भरू का?

भाऊ, एक रुपयाही नको. ऑडिशनच झाली नाही तर निवड कशाची? नावाजलेल्या कार्यक्रमांचं आवाहन त्या वाहिनीवर किंवा तिच्या अधिकृत ॲपवर येतं, तिथेच खात्री करा. आधीच काही भरलं असेल तर आत्ता, वाचता वाचता, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा. उशीर झाला की पैसे अडवणं कठीण होतं.

प्रश्न : आम्ही शिरपूरचे. आमची नऊ वर्षांची मुलगी सुंदर नाचते. तिच्या वडिलांना तिला डान्स शोमध्ये पाठवायचंय, पण नाव काढलं की ती रडते.

ती रडते, हेच तिचं उत्तर आहे. मोठ्या माणसानं भीती ओलांडायची ठरवली तर मी त्याच्या पाठीशी उभी राहीन, पण नऊ वर्षांच्या मुलीला ढकलण्याच्या बाजूनं नाही. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून असं काम करून घेऊ नये, हे नियमांतही आहे. बालकामगार कायद्याखालचे हे २०१७ चे नियम तिच्या वडिलांना वाचून दाखवा. बालकलाकाराला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांपलीकडे नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. यंदा तिला शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचू द्या. उद्या ती स्वतःहून म्हणाली तर जा.

प्रश्न : मी भुसावळचा, रेल्वेत नोकरी, वय ४१. विनोदी कार्यक्रमाच्या ऑडिशनमधून दोनदा परत आलो. दोन्ही वेळा नट-पुढाऱ्यांचे आवाज काढले. घरी मात्र सगळे माझी ‘फलाटावर गाडी हुकलेली धुळ्याकडची आजी’ मागतात. कॉलनीत रोज विचारतात, काय झालं? तिसऱ्यांदा जाऊ का?

जा. नट-पुढाऱ्यांचे आवाज काढणारे त्या रांगेत डझनभर असतात. निवड करणाऱ्यांना नुसता चांगला कलाकार नको असतो, आधी घेतलेल्यांपेक्षा वेगळा हवा असतो, म्हणून चांगली माणसंही परत येतात. सही करण्याआधी फॉर्म मात्र नीट वाचा. चित्रीकरण हवं तसं कापून दाखवायचा हक्क बहुधा त्यात वाहिनीला दिलेला असतो. कॅमेऱ्यासमोर स्वतःची फजिती करायला सांगितली, तर नम्रपणे नकार द्या.

या खेपेला कॉलनीत सांगू नका, घरच्यांनाच सांगा. आणि दार उघडून आत गेल्या गेल्या आधी ती आजी करा, अहिराणीतच. पत्रात तिच्याबद्दल नुसतं वाचूनच मला ती फलाटावर दिसायला लागली.