घर तारण ठेवून काजूबोंडांची वाइन?

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ आमची चार एकर काजूबाग आहे. बोंडं कुजून जातात. बाबांच्या निवृत्तीचे 18 लाख आणि घरावर 20 लाखांचं कर्ज काढून, मातीच्या रांजणात, बाहेरचं यीस्ट न घालता जुन्या पद्धतीची वाइन करावी का? हंगामात पाच टन बोंडं मिळतात.

उत्तर : वाइन करा, पण घर गहाण ठेवू नका.

20 लाख, 11 टक्के, 7 वर्षं म्हणजे हप्ता महिना सुमारे 34,250. तो लगेच सुरू होतो. एप्रिलचा रस आंबून, निवळून, मुरून बाटलीत जाईतो शिमगा उजाडणार, आणि दुकानदार पैसे देणार त्याच्याही नंतर. तोवर चार लाखांहून अधिक रक्कम नुसत्या हप्त्यांत गेलेली असेल.

पाच टनांतून 60 टक्क्यांनी 3,000 लिटर रस निघेल. गोडी 11 ब्रिक्सवरून (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण) 22 वर न्यायला साधारण 440 किलो साखर लागेल. गाळात घट जाऊन 2,600 लिटर, म्हणजे 750 मिलीच्या 3,450 बाटल्या. बाटलीमागे 300 रुपये हाती आले तरी वर्षाला 10.35 लाख. हप्त्याचे 4.11 लाख त्यातूनच जायचे, वर काच, बुचं, साखर, मजुरी, वीज. शिवाय मद्य जीएसटीबाहेर असल्यानं टाक्या-बाटल्यांवर भरलेला जीएसटी वळता होत नाही. बोंडं विकलीत तर ते करमुक्त शेती उत्पन्न. वाइनचा नफा मात्र धंद्याचा, करपात्र. त्यात आपल्याच बोंडांची बाजारभावानं किंमत खर्चात धरता येते, सीएला ते आठवणीनं सांगा.

आता पद्धतीचं. बी पिकली की बोंड गळून आपटतं, फुटतं, मुंग्या लागतात आणि दुपारपर्यंत आंबायला लागतं. सकाळी वेचलेलं अखंड बोंड त्याच दिवशी पिळा. तुरटपणा काढायला लिटरमागे 5 ग्रॅम साबुदाण्याची पेज घालून रस रात्रभर ठेवा आणि वरचा निवळ तेवढा काढून घ्या. ही जुनी युक्ती स्वस्त आहे, ती ठेवाच. रांजण मात्र भारी पडेल. एप्रिल-मे महिन्यांत हवाच 33 अंशांवर, त्यात आंबताना रस आणखी तापतो. 30 च्या वर यीस्ट दमतं, साखर अर्धवट उरते, हवा लागली की व्हिनेगर. हंगाम वर्षातून एकदाच. घाणा नासला तरी हप्ता चुकत नाही. म्हणून पहिला पैसा थंडाव्याची सोय असलेल्या स्टीलच्या टाकीत, पाकिटातल्या यीस्टमध्ये आणि जनरेटरमध्ये घाला. वळवाच्या पावसात वीज जाते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

परवान्याशिवाय प्रयोग म्हणूनही आंबवू नका; महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 आड येतो. द्राक्षाच्या वाइनची सवलत बोंडांनाही लागू आहे असं गृहीत न धरता राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून लेखी उत्तर घ्या. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना वेगळा.

पहिल्या हंगामात टनभर बोंडं फळांच्या वाइनचा परवाना असलेल्या वायनरीकडून कंत्राटावर आंबवून घ्या. सुमारे 690 बाटल्या होतील. त्या दीड वर्षात रोखीनं खपल्या तरच स्वतःची टाकी. बाबांच्या 18 लाखांपैकी 10 लाख एफडीतून हलवू नका, उरलेल्या आठातच बसेल तेवढं करा. आणि सातबाऱ्यावर काका-आत्यांची नावं असतील, तर बागेत शेड बांधण्याआधी त्यांची संमती नोंदणी करून घ्या.