बागेचे प्रश्न : परसातल्या जुन्या हापूसचे कलम

प्रश्न : आमच्या राजापूर तालुक्यातील घराच्या परसात आजोबांनी लावलेले हापूसचे कलम आहे. फळ उत्तम असते. परंतु खोड भिरुडाच्या अळीने आतून पोखरले असून झाड फार वर्षे टिकेल असे वाटत नाही. याच झाडाचा वाण पुढे राहावा अशी घरातील सर्वांची इच्छा आहे. पूर्वी वडिलांनी याच्या फळांचे बाठे लावले होते. त्यातून आलेल्या झाडाची फळे लहान आणि आंबटसर निघाली. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी रायवळच्या (कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याच्या) रोपांवर काही कलमे बांधली, ती सर्व वाळून गेली. कलमे केव्हा व कशी बांधावीत, आणि खुंट (ज्यावर काडी बांधायची ते मुळांचे रोप) कोणता घ्यावा? – एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : वडिलांनी लावलेल्या बाठ्यातून निराळे फळ का आले, हे प्रथम समजून घेतले की पुढच्या साऱ्या खटाटोपाचे कारण लक्षात येते. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार होतो. पराग शेजारच्या पायरीचा असू शकतो, वाटेवरच्या रायवळचाही असू शकतो. म्हणून त्या कोयीचे रोप हे आईची हुबेहूब प्रत नसते. मलबार किनाऱ्यावरील ओलूरसारख्या काही जातींच्या एका कोयीत अनेक गर्भ असतात आणि त्यांची रोपे बहुधा आईसारखीच निपजतात. हापूसला ही सोय नाही. आपल्या आजोबांचे झाड राखायचे असेल तर त्याची जिवंत काडीच दुसऱ्या मुळांवर चढवावी लागेल.

ऑक्टोबरमधील अपयशाने निराश होऊ नये, कारण आपला हात चुकला असेलच असे नाही. वेळ मात्र नक्की चुकली. कलम बांधल्यावर काडी आणि खुंट यांचा सांधा जुळून येण्यास साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, आणि तोवर काडीला मुळांकडून काहीही मिळत नाही. ती स्वतःजवळच्या ओलाव्यावर तग धरते. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातील हवाच इतकी दमट असते की काडीतील पाणी उडत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात तीच काडी सांधा जुळण्यापूर्वी सुकून जाते. शिवाय पावसाळा सरता सरता हापूसची पक्व काडी मोहोराच्या तयारीला लागते, आणि अशी काडी बांधली तर पानांऐवजी मोहोर फुटून ती संपून जाते.

घरगुती बागेसाठी कोय कलम, म्हणजे नुकत्याच उगवलेल्या कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बांधणे, ही पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिचा कोकणात मोठा प्रसार केला. पूर्वीच्या भेट कलमात रोपाची कुंडी मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत उचलून बांधावी लागे आणि महिनोन् महिने सांभाळावी लागे. कोय कलमात तो सारा उपद्व्याप वाचतो.

मे-जूनमध्ये जोमदार रायवळ झाडाचे पिकलेले आंबे खाऊन झाले की बाठे धुवून पाण्यात टाकावेत, तरंगतील ते फेकावेत आणि उरलेले लगेच वाळू व शेणखत मिसळलेल्या वाफ्यात पेरावेत. आंब्याची कोय साठवून ठेवता येत नाही. काही आठवड्यांतच तिची उगवण जाते. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. रोप दहा ते पंधरा दिवसांचे असताना त्याची पाने तांबूस, लुसलुशीत असतात आणि दांडाही कोवळा असतो. कलम बांधण्याचा हाच काळ. पाने हिरवी होऊन दांडा कडक झाला की ते रोप कोय कलमासाठी सोडून द्यावे.

यापुढचे काम मात्र काडीचे आहे, आणि माझ्या मते कलमाचे यश निम्म्याहून अधिक काडीच्या निवडीवर ठरते. झाडाच्या बाहेरच्या, उन्हाकडील बाजूची, तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा शाबूत असलेली आणि मोहोर न आलेली काडी निवडावी. नुकतीच पालवी फुटलेली काडी नको. जाडी शक्यतो रोपाच्या दांड्याइतकी असावी. निवडलेल्या काडीची पाने कलम बांधण्याआधी आठ-दहा दिवस झाडावरच कापावीत, मात्र देठ ठेवावेत. या दिवसांत शेंड्याचा डोळा फुगू लागतो आणि देठ पिवळे पडतात. देठाला बोट लावताच तो अलगद गळून पडला तर काडी तयार झाली असे समजावे; ओढावा लागला तर आणखी दोन दिवस थांबावे. घाईच्या भरात ही तयारी गाळली जाते आणि मग काडी वाळली की दोष खुंटाला दिला जातो.

बांधण्याच्या दिवशी रोप कोयीसह अलगद उपटून मुळे स्वच्छ धुवावीत आणि बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून घ्यावीत. कोयीपासून सहा-आठ सेंटिमीटरवर दांडा आडवा छाटून मधोमध तीन-चार सेंटिमीटर खोल उभी चीर द्यावी. दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीच्या काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरपे काप घेऊन पाचर करावी. काप एका झटक्यात, सपाट यायला हवेत. पाते स्पिरिटने पुसलेले आणि इतके धारदार असावे की काडी दाबली जाऊ नये. पाचर चिरेत बसवताना निदान एका बाजूला साल सालीला तंतोतंत भिडली पाहिजे, कारण सांधा जुळवणारा वाढीचा थर सालीच्या लगेच आत असतो. काडी बारीक असेल तर ती मधोमध न बसवता एका कडेला सरकवावी. नंतर प्लॅस्टिकच्या पट्टीने सांधा खालून वर घट्ट गुंडाळावा, कलम पिशवीत लावून सावलीत ठेवावे आणि काडीवर बर्फाच्या कांडीची लांबट पातळ पिशवी उलटी घालावी. डोळा फुटताच ही टोपी काढावी. सांध्याखाली रायवळचे फुटवे येत राहतील, ते दिसतील तसे खुडावेत. एकाकडेही दुर्लक्ष झाले तर तोच जोर धरतो आणि हापूसची काडी मागे पडते. सांध्याची पट्टी दोन-तीन महिन्यांनी न विसरता कापावी, अन्यथा ती खोडात रुतते.

खुंटासाठी आपल्या भागातील रायवळच घ्यावा. सफरचंदात झाडाची उंची बव्हंशी खुंटावरून ठरते आणि इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथे निवडलेल्या एम ९ या खुंटावर माणसाच्या हाताला फळ लागेल एवढेच झाड होते. आंब्यात असा ठेंगणा खुंट कोकणात रुळलेला नाही. झाड आटोपशीर ठेवायचे तर छाटणीच करावी लागते.

परसात जांभ्या दगडाची जमीन असेल तर माझा आणखी एक आग्रह आहे. थोडी कलमे पिशवीत करावीत, पण दोन-तीन ठिकाणी खड्डे भरून रायवळचे बाठे कायमच्या जागीच लावावेत आणि रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की पुढच्या पावसाळ्यात त्याच्या नव्या तांबूस फुटीवर हीच पाचर बसवावी. यालाच मृदकाष्ठ कलम म्हणतात. पिशवीत वाढलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी वळते किंवा तुटते. जागेवर उगवलेल्या झाडाचे मूळ जांभ्याच्या फटींतून सरळ खाली उतरते, आणि उन्हाळ्यातल्या पाण्याच्या ओढीला व वादळी वाऱ्याला असे झाड अधिक दाद देत नाही.

आपले जुने झाड पोखरलेले असल्यामुळे त्यावर योग्य काड्या कमी मिळतील. या वर्षी फळे उतरल्यावर वाळक्या व दाट फांद्या विरळ कराव्यात, पावसाच्या आरंभी शेणखत द्यावे आणि भिरुडाच्या छिद्रांतून ताजा भुसा पडत असल्यास तारेने अळी काढून छिद्र बंद करावे. ज्या काड्या आता मिळतील त्या मात्र याच हंगामात बांधाव्यात. अशा झाडासाठी पुढच्या वर्षावर विसंबणे मला सुरक्षित वाटत नाही. कलमांना पहिल्या तीन वर्षांत मोहोर आला तर तो मन घट्ट करून खुडावा. आणि हेही सांगणे भाग आहे की आजोबांचे झाड एक वर्ष भरभरून व एक वर्ष तुरळक येत असेल, तर ती हापूसची सवय कलमांतही उतरणार आहे.

प्रश्न : आमच्याकडे वीस-बावीस वर्षांचे दोन रायवळ आंबे आहेत. फळे तंतुमय व आंबट आहेत. त्यांचे हापूसमध्ये रूपांतर करता येईल काय? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : करता येईल. पावसाळा संपल्यावर मुख्य फांद्या खोडापासून काही अंतर राखून कापाव्यात आणि कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. एक फांदी पानांसह तशीच राखावी, म्हणजे मुळांना अन्न मिळत राहते. येणाऱ्या गर्दीच्या फुटव्यांतून प्रत्येक फांदीवर जोमदार असे दोन-तीनच ठेवावेत आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या तांबूस शेंड्यांवर वर सांगितल्याप्रमाणे काड्या बांधाव्यात. उघड्या पडलेल्या खोडाला चुना लावला नाही तर उन्हाने साल तडकते. राखलेली फांदी कलमे चांगली वाढीला लागल्यावर काढावी. सर्वच फुटव्यांवर हापूस न बांधता काहींवर रत्ना बांधावा असे सुचवतो. नीलम व हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली ही जात १९८१ मध्ये प्रसारित झाली, तिच्या फळात साका (गरातील पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) होत नाही आणि ती हापूसपेक्षा नियमित फळते.

तथापि दोन्ही झाडे कापू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हापूसला स्वतःच्या परागाने फळधारणा कमी होते आणि जवळ दुसऱ्या जातीचा मोहोर असला तर ती सुधारते. लोणच्याला आंबट रायवळची कैरीच लागते, आणि दर पावसाळ्यात कलमांसाठी बाठेही त्याच झाडाचे मिळतील. दोहोंपैकी अधिक जोमदार आणि दरवर्षी फळणारा रायवळ तसाच ठेवावा, दुसऱ्यावर कलमे बांधावीत.