‘जूनच्या आधी नाही’: दुबईतले ते चार महिने

तुम्ही विचारलंय की कोरोना सुरू झाला तेव्हा परदेशात राहणाऱ्या भारतीयांनी ते सुरुवातीचे दिवस, कशाचाच भरवसा नसताना, कसे काढले. सगळ्यांचं मला नाही सांगता येणार, माझं सांगते. मी दुबईत, करामामध्ये. सोबत आठ वर्षांची लेक. आणि नवरा नाशिकला.

तो तिकडे कसा, तर सासऱ्यांची बायपास 12 मार्च 2020 ला ठरली होती. तो 9 तारखेला गेला, परतीचं तिकीट 21 चं. जाताना आम्ही फार विचार केला नाही. अमिरातीत पहिले रुग्ण जानेवारीअखेरीस सापडले होते, 8 मार्चपासून शाळाही बंद झाल्या होत्या, पण बोलण्यात सगळ्यांचा सूर ‘चला, सुट्टी लवकर लागली’ असाच. मग 11 तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली आणि रोज एकेक दार बंद व्हायला लागलं. 18 पासून आखातातून भारतात येणाऱ्यांना 14 दिवस सक्तीचं विलगीकरण. 19 ला दुपारी बारापासून अमिरातीबाहेर असलेल्या रहिवासी व्हिसाधारकांना आत प्रवेश नाही. 22 पासून भारतात परदेशी विमानं उतरणं बंद, 25 पासून इकडची प्रवासी विमानंही बंद.

आमचा घोळ झाला तो 19 तारखेच्या नियमानं. बातमी कळली तेव्हा हातात काही तास होते. मी फोनवर जवळजवळ ओरडतच होते, ‘आत्ता टॅक्सी कर, मुंबई गाठ, मिळेल ते विमान पकड.’ त्यानं फोन कानाला तसाच ठेवून सासूबाईंना काहीतरी विचारलं, मागून त्यांचा आवाज आला, ‘अरे, उद्या टाके दाखवायचेत ना?’ मग तो म्हणाला, ‘दोनच आठवड्यांचं आहे गं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो.’ नियमात खरंच तसं लिहिलं होतं: दोन आठवडे, पुढे वाढवता येईल असे. आम्ही ‘दोन आठवडे’ वाचलं, ‘पुढे वाढवता येईल’ वाचलंच नाही.

तो निघाला असता तर? हा प्रश्न मी पुढचे तीन आठवडे रोज रात्री उगाळला. त्यातून काही निघालं नाही, फक्त झोप गेली.

आता मुद्द्याचं. आजाराची भीती होतीच, पण मला सगळ्यात जास्त कशानं पोखरलं असेल तर पंधरा-पंधरा दिवसांच्या मुदतवाढीनं. भारतातला लॉकडाउन आधी 14 एप्रिलपर्यंत, मग 3 मे, मग 17 मे, मग 31 मे. विमानबंदीही तशीच सरकत गेली. इकडे प्रवेशबंदीही दोन-दोन आठवड्यांनी वाढत होती. दोन सरकारं, दोन वेगळी वेळापत्रकं, आणि आम्हाला दोन्ही दारं एकाच वेळी उघडी हवी होती! प्रत्येक तारखेच्या आधी चार दिवस आशा वाढायची, जाहीर झालं की दोन दिवस घरात सुतक. मग पुन्हा नवी तारीख. कुणी पहिल्याच दिवशी ‘चार महिने विसरा’ म्हणालं असतं तर रडून मोकळी झाले असते आणि कामाला लागले असते.

तर शेवटी ते मीच म्हणून टाकलं. 14 एप्रिलची मुदत वाढली त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं की आपण 30 जून धरायचा. आधी उघडलं तर उत्तम, पण हिशेब सगळा जून संपेपर्यंतचा. तो चिडला. त्याला वाटलं मी आशा सोडली. दोन दिवस आमचं बोलणं तुटकच होतं.

पण त्यानंतर घरातला नूर बदलला. लेक रोज विचारायची, ‘बाबा कधी येणार?’ आणि मी रोज वेगळं काहीतरी थातूरमातूर सांगायचे, ते तिला कळायचं. आता उत्तर एकच: ‘जूनच्या आधी नाही.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती भोकाड पसरून रडली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, मग बाबाच्या कपाटात माझे रंग ठेवू का? ठेव म्हटलं. कधी येणार ते मला माहीत नव्हतं, पण कधी येणार नाही ते नक्की सांगता येत होतं, आणि लहान मुलाला तेवढंही पुरतं असं माझं मत झालं. मोठ्यांनाही बहुधा.

जून धरल्यावर पैशाचा प्रश्न नीट समोर आला. तोवर मी तो ‘एप्रिलमध्ये बघू’ म्हणून ढकलत होते. दुबईत घरभाडं वर्षाच्या आगाऊ तारखांच्या चेकनं भरतात, कुणी एका, कुणी चार चेकमध्ये. आमचे चार. पुढचा 5 मेचा, 15 हजार दिरहॅमचा. म्हणजे तेव्हाच्या भावानं तीन लाख रुपये. चेक वटला नाही तर तिथे पोलिसांपर्यंत प्रकरण जाऊ शकायचं (2022 मध्ये ते नियम बरेच सैल झाले), त्यामुळे आखातात राहणाऱ्या कुणालाही विचारा, चेकची तारीख वाढदिवसापेक्षा पक्की लक्षात असते. नवरा बिनपगारी रजेवर गेला होता. माझी नोकरी मालवाहतुकीच्या कंपनीत, कागदपत्रांचं काम. जेबेल अली बंदरात बोटी येतच होत्या, म्हणून काम होतं, पण पगार 30 टक्के कमी. मार्चअखेरीस अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाचा 279 क्रमांकाचा ठराव आला होता. परदेशी कामगारांसाठी पायऱ्या ठरवल्या होत्या: आधी घरून काम, मग पगारी रजा, मग बिनपगारी रजा, मग तात्पुरती पगारकपात, मग कायमची. कपात ‘परस्पर संमतीनं’, करारनाम्याला जोडपत्र लावून. मला ते जोडपत्र मेलवर आलं, दुपारपर्यंत सही करून पाठवा म्हणून. संमती ती एवढीच. पण एक केलं, त्यावर ‘तात्पुरती’ हा शब्द आणि शेवटची तारीख आहे ना हे पाहून मगच सही केली. कपातीवर सही करावी लागलेल्या कुणालाही मी आज हेच सांगेन.

भाड्यासाठी घरमालकाच्या एजंटला 20 एप्रिललाच गाठलं, चेकच्या दोन आठवडे आधी. तो आधी ऐकेना. मग त्याला माझा कापलेला पगार आणि नवऱ्याच्या बिनपगारी रजेचं पत्र पाठवलं. त्यानं तो चेक परत देऊन 7,500 चे दोन घेतले, मे आणि जूनचे. हे 4 मेला मागितलं असतं तर मिळालं नसतं. नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता रिझर्व्ह बँकेच्या सवलतीनं तीन महिने थांबवला. पुढे सवलत ऑगस्टपर्यंत वाढली, ती आम्ही घेतली नाही, कारण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नव्हतं. रुपया घसरला की पैसे पाठवायला एक्सचेंजसमोर रांग लावणारे आम्ही लोक, त्या वर्षी भाव चांगला असून पाठवायला काही नव्हतं.

बाकी घरातले दिवस कसे गेले ते तुम्हाला ठाऊकच आहे, सगळीकडे तेच होतं. दुबईचं वेगळेपण म्हणजे 4 एप्रिलपासून चोवीस तासांची बंदी. मेट्रो बंद, किराणा आणायलाही ऑनलाइन परवाना, पुढे तर तोही तीन दिवसांतून एकदाच. लेकीला घरी एकटं ठेवून जायचं की सोबत न्यायचं हा मोठा पेच. शेजारच्या चेचीनं तो सोडवला. ती केरळची, सगळा मजला तिला चेचीच म्हणतो, म्हणजे मल्याळममध्ये ताई. आमच्या दोघींची दारं उघडी ठेवायची, लेक आमच्या उंबऱ्यात बसून चित्रं काढणार, चेची तिच्या उंबऱ्यात भाजी निवडत बसणार, मध्ये आठ फुटांचा पॅसेज. मी पाऊण तासात परत. त्या दोघी काय बोलायच्या देव जाणे, पण लेकीला मल्याळममध्ये शंभरपर्यंत आकडे येतात.

फोनचीही एक गंमत. तेव्हा अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जायचे, कॉल लागायचा नाही. बोटिम नावाचं ॲप महिन्याचे पैसे भरून घ्यावं लागायचं, आणि पलीकडच्यानंही ते टाकलेलं असावं लागायचं. मार्चअखेरीस घरून काम आणि शाळेसाठी झूमसारख्या ॲप्सना परवानगी मिळाली, तेव्हा सासऱ्यांनी छातीवर उशी धरून पहिली झूम मीटिंग केली. चाळीस मिनिटं झाली की कॉल तुटायचा, मग सासूबाई म्हणायच्या, ‘बरं झालं, आता जेवून घ्या.’

आणि हेही सांगायला हवं की आमची अनिश्चितता खाटेवर झोपून भोगायची होती. आमच्या ऑफिसचा एक मुलगा देऱ्यात अल रासला बेडस्पेसमध्ये राहायचा, एका खोलीत आठ जण, बंक बेड. 31 मार्चपासून तो सगळा भाग दोन आठवडे पूर्ण बंद केला. तो मला मेसेज करायचा की मॅडम, खोलीतल्या दोघांना ताप आहे, आम्ही सहा जण पाळीनं गच्चीवर जातो. पुढे त्याला विलगीकरणासाठी दुसऱ्या इमारतीत हलवलं, तर म्हणाला, इथं पहिल्यांदा एकट्याला खोली मिळाली. यावर काय बोलायचं? अजून सुचलेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी दूतावासाच्या संकेतस्थळावर भारतात परतू इच्छिणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली. काही दिवसांतच एकट्या अमिरातीतून दीड लाखाहून जास्त नावं. 7 मेला वंदे भारतची, म्हणजे अडकलेल्या भारतीयांना परत आणण्याच्या भारत सरकारच्या मोहिमेची, पहिली विमानं उडाली, अबू धाबीहून कोची आणि दुबईहून कोळिकोड. चेचीच्या गरोदर भाचीला जागा मिळाली. मला घरून रोज फोन, तूही नाव दे, लेकीला घेऊन ये. मी फॉर्म उघडला, पासपोर्ट नंबरापर्यंत भरला आणि बंद केला. नोकरी इथे, भाड्याचे चेक इथे, आणि आम्ही दोघी तिकडे गेलो की तिघंही बंद दाराच्या बाहेर. शिवाय सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की रहिवासी व्हिसा रद्द होतो, हा नेहमीचा नियम डोक्यात होता. त्या वर्षी त्यात सूट मिळाली, पण मे महिन्यात ते कुणाला माहीत? नाव न देण्याचा निर्णय मी जूनच्या हिशेबामुळे घेऊ शकले. जूनपर्यंतचं भाडं आणि किराणा भागत होता, तर आज पळायचं कारण नव्हतं. ज्यांची नोकरीच गेली त्यांच्यासाठी उत्तर वेगळं होतं, आणि ते गेले ते बरोबरच केलं.

जून आला, गेला. 1 जूनपासून बाहेर अडकलेल्या रहिवाशांना परवानगी घेऊन यायला मुभा मिळाली खरी, पण भारतातून विमान कुठे होतं? शेवटी दोन्ही सरकारांचं ठरलं आणि 12 ते 26 जुलै या काळात वंदे भारतच्या परतीच्या विमानांतून रहिवाशांना आणायला सुरुवात झाली. नवऱ्याला परवानगीचा मेल आला, टेस्ट निगेटिव्ह आली, आणि 16 जुलैला तो दारात उभा. माझा अंदाज सोळा दिवसांनी चुकला.

तरी आम्ही त्याला आठवडाभर आतल्या खोलीत ठेवलं, आमच्याच समाधानासाठी. लेक बंद दाराला पाठ लावून बसायची आणि त्याला मल्याळम आकडे म्हणून दाखवायची. आठव्या दिवशी तो बाहेर आला, चहा घेतला आणि पहिलाच प्रश्न, ‘गाडी सुरू करत होतीस ना अधूनमधून?’ मला गाडी चालवता येत नाही हे त्याला लग्नाआधीपासून माहीत आहे. खाली गेलो तर धुळीनं गाडीचा रंग ओळखू येईना, बॅटरी ठार. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, केबल घेऊन आला, बॉनेट उघडलं आणि मला म्हणाला, ‘भाभी, मैंने अप्रैल में बोला था.’